एकदा वाजली तर हो

— आणि दार ओढत असाल तर ओढू नका, हात काढा आधी तिथून. ओढून ते उघडत नाही, आणि चुकून उघडलंच तर समोर नुसती भिंत दिसेल. भिंत बघून कुणाला बरं वाटलंय आजवर? तुम्ही बोलताय का काही? बोलत असाल तर मला ऐकू येत नाहीये हं, तुमच्या लिफ्टचा माईक मेलेला दिसतोय — मेलेला म्हणजे बंद, बंद — अशा वेळी मेला-बिला म्हणायचं नसतं, आमचा नियमच आहे तसा. माझा आवाज मात्र तुम्हाला येतोय. कसं कळलं? मघाशी 'ऐकू येतंय का' विचारलं, तेव्हा तुम्ही ते लाल बटण दाबलंत आणि इथे मदतकेंद्रात घंटी वाजली. तर आपण असं करू — मी विचारायचं, तुम्ही बटण दाबायचं. एकदा वाजली तर हो, दोनदा वाजली तर नाही. जमेल? — टिंग! वा, काय हुशार आहात हो तुम्ही, काही लोकांना हे समजावता समजावता लिफ्ट सुरू होते.

एकटंच आहात ना आत? — टिंग. दिवा आहे? — टिंग. छान. हवेची काळजी करू नका, वर जाळी असते, येतच राहते. आणि पडणार-बिडणार नाही, लिफ्ट अडकते म्हणजे स्वतःला घट्ट धरून बसते, उलट आत्ताच ती सगळ्यात सुरक्षित. आमच्या मिस्त्रीला तुमच्या लिफ्टचा नंबर दिलाय, तो पत्ता काढून येतोच आहे. तोवर मी बोलत राहणार. हा आमचा पहिला नियम — आत माणूस आहे तोवर इकडून गप्प बसायचं नाही, अडकलेल्या माणसाला शांतता चावते. आणि बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. माझी आई म्हणते, जन्मले तेव्हा नर्सबाई काहीतरी सांगत होती, तिला मी मध्येच तोडलं. पण खरं सांगू का, ही खुर्ची माझी नाही. फोनवर बसणं हे आता माझं काम नाही, मी इथली मॅनेजर आहे. नवी. अजून खुर्चीवरचं प्लास्टिक काढलेलं नाही — खरंच नाही काढलेलं, बसलं की चर्र वाजतं. पण आज ही खुर्ची रिकामी झाली. का झाली ते... ते सोडा, तुम्ही तुमचं सांगा. म्हणजे मीच सांगते, तुम्हाला आत्ता काय वाटतंय ते!

हसू नका, मी शिबिरात शिकून आलेय हे. माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं. थांबा हं, जरा एकाग्र होऊ दे — तुम्ही घाबरला आहात. — टिंग टिंग. नाही? बरं. रडू येतंय? — टिंग टिंग. मग... राग! राग आलाय तुम्हाला! — टिंग! बघा! आला की नाही बरोबर! काय वाजवलीत हो, कानात दडे बसले. लिफ्टचा राग? — टिंग टिंग. घरच्या कुणाचा? — टिंग टिंग. कामावरच्या? — टिंग. बॉसचा! — टिंग टिंग टिंग टिंग. चार? चार म्हणजे काय, ते आपलं ठरलं नव्हतं. 'अगदी, अगदी' असं धरते मी. अय्या, म्हणजे मनातलं बोलायला तुम्हाला बरोबर माणूस मिळालं. बोलत मीच असेन, पण मन तुमचं.

तर हे शिबिर. मॅनेजर केल्याबरोबर मला तिकडे पाठवलं कंपनीने. गुळगुळीत डोक्याचे एक सर होते, लोण्यासारखं बोलायचे. म्हणाले, हाताखालच्या माणसांची मनं वाचता आली पाहिजेत. म्हटलं, आपल्याला कुठली येणार. तर ते म्हणाले, सोप्पं आहे — समोरच्याचा चेहरा जसा आहे तसाच आपला करायचा. त्याने भुवया चढवल्या, आपण चढवायच्या, त्याने ओठ पाडले, आपण पाडायचे — चेहरा तसा झाला की आतलंही आपोआप तसंच व्हायला लागतं. मला जोडीला हिशेबखात्यातला एक गृहस्थ आला. तो झोपला. मग मीही झोपले. सर म्हणाले, शंभरपैकी शंभर! मी तर हवेतच. अशी उड्या मारत आले हो इथे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना? म्हटलं, आता ज्याचं कुणाचं जळेल ते मलाही कळणार.

पहिला प्रयोग गुणगुण्यावर. गुणगुण्या म्हणजे आमचा पलीकडच्या खुर्चीवरचा — आत्ताही बसलाय बघा तिथे, दुसऱ्या एका लिफ्टशी बोलतोय. सारखा गुणगुणत असतो म्हणून गुणगुण्या. मी त्याच्यासमोर उभी राहिले, गुणगुणले. काय सांगू, इतकं छान वाटलं! म्हटलं, पोरगा खुशीत आहे, हीच वेळ. रविवारची पाळी दिली त्याला. तर तो आणखी जोरात गुणगुणायला लागला. नंतर कळलं, तो चिडला की गुणगुणतो. इतकी वर्षं शेजारी बसून कुणाला ठाऊक नव्हतं — म्हणजे एका व्यक्तीला होतं, ती म्हणाली, 'त्याला विचारायचं होतं की.' विचारायचं! मग शिबिराला कशाला गेले मी? — टिंग. 'टिंग' काय? हा प्रश्न तुम्हाला नव्हता हो.

ती व्यक्ती म्हणजे आमच्या थोरल्या बाई. ही खुर्ची त्यांची. मी बसलेय ती. उशी बघा, त्यांनी घरून आणलेली, मधोमध खोलगट, मी बसले की एका बाजूला कलंडते. मी या खोलीत आले तेव्हा मला फोन धरता येत नव्हता नीट. पहिल्याच दिवशी एक आजोबा अडकलेले, आणि त्यांच्याआधी मीच रडायला लागले! थोरल्या बाईंनी एका हाताने फोन घेतला, दुसऱ्या हाताने मला रुमाल दिला, आणि आजोबांना म्हणाल्या, 'इथे एक मुलगी तुमच्यासाठी रडतेय, तिला जरा धीर द्या बघू.' आणि तो म्हातारा आतून मला समजावतोय! असं डोकं चालतं बाईंचं. हे घंटीचंही त्यांचंच — एकदा हो, दोनदा नाही. माझ्यापेक्षा वयाने किती मोठ्या, मला 'अगं धाकटे' म्हणायच्या. 'अगं धाकटे, जेवलीस का. अगं धाकटे, इतकं बोलू नकोस, समोरच्याला श्वास घेऊ दे.' रोज एका टेबलावर आमचे दोघींचे डबे, माझ्या डब्यातलं आवडलं नाही की सरळ सांगायच्या, आईला म्हणावं मीठ कमी घाल. हट्टी हो, भयंकर हट्टी! एकदा नाही म्हणाल्या की ब्रह्मदेव आला तरी नाही. मी घाबरते त्यांना. कुणाला सांगू नका, पण मी घरी आरशासमोर त्यांच्यासारखं चालून बघते, असा हात मागे बांधून — मॅनेजर कसं चालतो ते मला दुसरं कुठे बघायला मिळणार?

— टिंग. काय? पाणी हवंय? नसेल तुमच्याकडे. येईल हो मिस्त्री.

तर मी मॅनेजर झाले आणि त्या मला 'मॅडम' म्हणायला लागल्या. 'या मॅडम. बसा मॅडम.' अहो-जाहो! आधी मला वाटलं, मान देतायत. फुगले मी. मग जेवायच्या सुट्टीत बघते तर त्या एकट्याच खिडकीशी डबा उघडून बसलेल्या. मी गेले तर म्हणाल्या, 'तुम्ही जेवून घ्या मॅडम.' घास कडू झाला हो. पण म्हटलं, होईल, सवय होईल, मोठी माणसं आहेत. आणि मग आज सकाळी — आज काय झालं सांगू? सांगतेच, तुम्ही परकं माणूस, पुन्हा कुठे भेटणार आहोत आपण.

आज त्या आल्या त्याच मुळी अशा — तोंड एका बाजूला उतरलेलं, एक डोळा पाणावलेला, एक अक्षर बोलत नाहीत. काहीही विचारा, नुसती मान. म्हटलं, घरी काहीतरी वाईट घडलंय, आणि ही बाई मरेल पण सांगायची नाही. इथेच शिबिर कामी यायला हवं! म्हणून मी खुर्ची ओढली, त्यांच्यासमोर बसले आणि चेहरा केला. तसाच. तोंड इकडे ओढलं, एक डोळा बारीक केला, गाल पाडला — आणि शपथेवर सांगते, मला आतून रडू फुटलं! खरं रडू! म्हटलं, आलं, त्यांचं दुःख माझ्यात आलं! तशीच वाकड्या तोंडाने त्यांचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, 'तुम्ही काही बोलू नका, मला सगळं कळलंय.' सगळी खोली बघतेय. वर आणखी म्हणाले, 'उठा, आज तुम्ही फोन घ्यायचे नाहीत, हलकं काहीतरी करा, जुन्या वायरी गुंडाळा. तुमची खुर्ची मी सांभाळते.' त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय बघितलं हो! मग गळ्यातलं ओळखपत्र काढलं, या टेबलावर ठेवलं, पर्स उचलली आणि म्हणाल्या, 'बलं, मॅदम.' आणि गेल्या. दार लागलं तसा गुणगुण्या माझ्याकडे वळून म्हणतो, 'अहो, त्यांनी सकाळी दाढ काढलीय. तोंड बधिर आहे. आणि तुम्ही त्यांना वेडावून दाखवलंत.'

वेडावून! मी! थोरल्या बाईंना! हसताय ना? हसा. मला पण मघापासून हसू येतंय आणि ते थांबत नाहीये, हे काही बरं लक्षण नाही. फोन लावला त्यांना, तर तो इथेच, खणात वाजला. मोबाइलसुद्धा विसरून गेल्या रागात. आता घरी जातील, आणि ओळखपत्र ठेवून गेलेली बाई परत येते होय? त्या नाहीत तर ही खोली नाही. लोक काय माझ्या बडबडीने शांत होतात? बडबडीने लिफ्टचा कंटाळा येतो फक्त. मला त्या हव्यात. मॅनेजर म्हणून नाही हो, मला... जेवायला कुणी हाक मारत नाही. — टिंग टिंग टिंग टिंग टिंग टिंग. अहो, अहो, किती वाजवताय! बटण निघून येईल हातात! कळलं, तुम्हालाही वाईट वाटतंय. किती मऊ मनाचे आहात.

जरा थांबा हं, दुसऱ्या फोनवर मिस्त्री आहे. — हं, बोल रे. पोचलास का? ... म्हणजे काय, 'निघालोच नाही'? कुणी तरी आत ताटकळतंय आणि तू — काय? नंबर बरोबर आहे, मी समोर बघून दिलाय. कुठला पत्ता निघाला? ... तो कसा असेल, तो तर आपला पत्ता. ... आपलीच इमारत? आपली लिफ्ट? अरे, आपली लिफ्ट कधी बंद पडत नाही! ... कुठे अडकलीय? चौथ्याच्या वर? म्हणजे आमच्याच मजल्याच्या खाली? ... काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बरं, लवकर ये, जिन्याने ये. पळ.

... हॅलो. ऐकलंत ना सगळं.

एक विचारू? म्हणजे उगाच, सहज. तुमच्या... तुमच्या तोंडात कापूस आहे का?

— टिंग.

अगं बाई. अगं बाई गं. गुणगुण्या, अरे फोन ठेव तो — नको, ठेवू नको, तुझ्या लिफ्टमध्ये माणूस आहे. काही नाही, काही नाही! अहो थोरल्या बाई. तुम्हीच आहात? मघापासून? 'बॉसचा राग' — चार वेळा! ते 'अगदी अगदी' नव्हतं, ते 'अगं गाढवे' होतं! आणि मी आरशाचं सांगितलं. हट्टी म्हणाले. तुमच्या उशीबद्दल बोलले. हे हसणं नाहीये हो, म्हणजे हसणंच आहे, पण ते भीतीचं आहे, तुम्ही ओळखाल, तुम्हाला सगळं ओळखू येतं. वेडावत नव्हते हो मी! तुमची शपथ. मला रडू आलं होतं खरोखर. दाढेसाठी आलं, चुकीच्या जागी आलं, पण आलं होतं.

ऐका ना. नियम आहे म्हणून बोलतेय असं समजू नका. दाढेने कुणी ओळखपत्र काढून ठेवत नाही. तुम्ही त्याआधीच रागावला होतात, ज्या दिवशी 'मॅडम' म्हणालात त्या दिवशी. मला ते ऐकू आलं होतं. जगाचे चेहरे वाचत फिरले, गुणगुण्याचा वाचला, चहावाल्याचा वाचला, आणि तुमचा चेहरा येताना दिसला की मी फाइल उघडायची. कारण वाचला असता तर पुढचं विचारावं लागलं असतं. विचारते आता. ही मॅनेजरची जागा तुम्हाला हवी होती का? माझ्याआधी तुमचा हक्क होता, सगळ्यांना माहीत आहे. हवी होती?

— टिंग टिंग.

नाही? खरंच नाही? अहो, मी इतके दिवस तोच दगड छातीवर घेऊन... मग काय? मी मॅनेजर म्हणून वाईट आहे? — टिंग. ते झालंच, ते मला ठाऊक आहे, पण त्याचा राग? — टिंग टिंग. त्याचा नाही. मग... थांबा. तुम्हाला हे कळलं कधी? मी सांगितलं तेव्हा? — टिंग टिंग. नाही, मी सांगितलंच नव्हतं. फळ्यावर कागद लागला तेव्हा? — टिंग.

फळ्यावर. सगळ्यांबरोबर. उभं राहून, मान वर करून.

मला आठवडाभर आधी माहीत होतं. आणि आठवडाभर तुमच्याच टेबलावर जेवत होते मी. डब्यातलं तुम्हाला देत होते, तुमचं घेत होते, आणि पोटात हे. का नाही सांगितलं? तुम्हाला वाईट वाटेल म्हणून! म्हटलं, बाईंच्या मनाला लागेल. शिबिराच्याही आधी तुमचं मन मीच वाचून टाकलं आणि चुकीचं वाचलं. तुम्ही तर आनंदाने ओरडला असता, हो ना? तुम्ही सगळ्या खोलीला सांगितलं असतं, 'आमची धाकटी बघा.' — टिंग.

... चुकलं माझं. तुम्हाला पहिल्यांदा सांगायला हवं होतं, आईच्या आधी सांगायला हवं होतं, आणि मी तुम्हाला फळ्यावर वाचायला लावलं. आता खाली जायचं असेल तर जा. मिस्त्रीला सांगते, तुम्हाला खालच्या मजल्यावर उतरवून देईल, ओळखपत्र मी घरी आणून देईन, किंवा नाही, येणारच नाही घरी, तुम्ही म्हणाल तसं. मी यापुढे ओळखणार नाही तुमच्या मनातलं. विचारेन. येताय का वर?

येताय?

हॅलो? नाही वाजली. एकदाही नाही, दोनदाही नाही. बाई, बटण दाबा हो. हो असेल तर एकदा, नाही असेल तरी दाबा, दोनदा दाबायला काही लागत नाही. गप्प बसू नका, शांतता चावते, तुम्हीच शिकवलंय. रागावा हवं तर. चार वेळा वाजवा. ... रिकामी आहे का लिफ्ट? गुणगुण्या, मिस्त्रीला फोन लाव रे, विचार त्याला, बाई कुठे... तू हातवारे काय करतोयस? फोन लाव म्हटलं ना. काय? मागे? मागे काय —

... मिस्त्रीने सोडवलं होय तुम्हाला? कधीपासून उभ्या आहात?

नाही, मी काही — हो. नाही, आता वेडंवाकडं करत नाहीये तोंड, ते तसंच झालंय, रडतेय मी. बोलू नका तुम्ही, टाके असतील, कापूस — काय? काय म्हणालात? कळलं नाही, पुन्हा... 'ऊथ'?

'ऊथ'! ए गुणगुण्या, ऐकलंस? 'उथा' नाही म्हणाल्या! 'ऊथ' म्हणाल्या मला, 'ऊथ'! — उठले, उठले, ही बघा उठले, बसा. फोन वाजतोय, घ्या. नाही, मी घेते, तुम्हाला बोलता कुठे — बरं. बरं, तुम्हीच घ्या. गप्प बसते.